तुम्ही विचारलंत म्हणून: म्हैस बरी आहे ना?

दर १६ डिसेंबरला गावच्या शाळेत एकाहत्तरच्या बांगलादेश लढाईचा विजय दिवस होतो. आमच्या ह्यांना शाल-नारळ मिळतो, भाषणही तेच करतात. प्रश्न मात्र मला येतो. 'आजी, लग्न ठरलेलं असताना आजोबा लढाईवर गेले. तुम्ही वाट कशी पाहिलीत?' यंदा नातसुनेनंही तेच विचारलं, आणि वर लिहूनच काढा म्हणाली. लिहिते. उत्तर तुम्हाला हवं तसं नसेल, आधीच सांगते.

हे माझ्या आत्याचे. चड्डीत असल्यापासून बघितलेले, त्यामुळं 'बघण्याचा' कार्यक्रमच झाला नाही. मनात होतं ते दोघांच्याही होतं, पण १९७१ साली खटाव तालुक्यात ते तोंडावर आणायची सोय नव्हती. सुपारी फुटली, मार्गशीर्षातला मुहूर्त धरला, आणि पलटणीच्या सुट्ट्या बंद झाल्या.

पत्रं यायची ती माझ्या वडिलांच्या नावानं. पत्ता ९९ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं पोस्ट, पूर्वेकडं कुठंतरी, एवढंच कळायचं. गुरुजी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, निम्मी आळी ऐकायची. 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' झालं की शेवटी एक ओळ ठरलेली: 'म्हैस बरी आहे ना?' म्हैस आम्ही दिवाळीतच विकली होती, आणि तसं वडिलांनी कळवलंही होतं. तरी पुढच्या पत्रात म्हैस. त्याच्या पुढच्यातही म्हैस. वडील वैतागले, 'पोरगं खुळं झालं का काय?' मी आत चुलीपाशी. मला दुसऱ्याच पत्रात उमजलं होतं. राग आला, म्हटलं शेळी तरी म्हणायचं. उत्तर गुरुजींनीच लिहिलं, पण पाकीट डकवताना मी खाली एक ओळ घातली: 'म्हैस बरी आहे, दावं तोडायला बघते.' बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं जादा तिकीट त्या पाकिटावर मीच चिकटवलं. नोव्हेंबरपासून ते सक्तीचं झालं होतं.

लढाई ३ डिसेंबरला पेटली, १६ ला संपली. तेरा दिवस. चावडीवरच्या रेडिओपाशी पुरुषांची गर्दी असायची, मी शाळूच्या रानात. भीती वाटली का? वाटली. पण तिच्यासाठी वेगळा वेळ नव्हता.

ह्यांची १ मराठा, जंगी पलटण, कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली बांगलादेशातल्या जमालपूरला होती. तिथल्या पाकिस्तानी कर्नलला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री ते लोक वेढा फोडायला निघाले आणि मराठ्यांच्या तोंडाशी आले. शाळेत हे गोळीची गोष्ट रंगवून सांगतात. त्या रात्रीचं सांगत नाहीत. मलाही कधी सांगितलं नाही, आणि मी खोदून विचारलं नाही.

मार्चमध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून माघारी आलं, एप्रिलमध्ये ह्यांना दोन महिन्यांची सुट्टी मिळाली. तर त्या साली वैशाख अधिक! धोंड्याचा महिना, लग्न नाही. पाकिस्तानच्या याह्याखानानं अडवलं नाही तेवढं पंचांगानं अडवलं. महिनाभर हे आमच्याकडं भाचा म्हणून यायचे आणि जावयाचं जेवून जायचे. निज वैशाखात लग्न लागलं, तेव्हा सुट्टीचे वीस-बावीस दिवस उरले होते. ते गेले, आणि मागून पावसानं दगा दिला. बहात्तरचा दुष्काळ. आत्या, म्हणजे आता सासूबाई, आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. नव्या नवरीचा चुडा दुसऱ्या दिवशीच काढून ठेवला. दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या.

म्हणून सांगते, तेरा दिवसांचं काय विचारता? ८३ साली हे हवालदार म्हणून पेन्शनवर आले. तोवरच्या अकरा वर्षांत सगळ्या सुट्ट्या आणि बेळगावच्या क्वार्टरमधले चौदा महिने धरून आम्ही जेमतेम तीन वर्षं एका छपराखाली होतो.

खरं अवघड ते काळी ट्रंक कायमची घरात आली तेव्हा सुरू झालं. पहाटे चारला उठून पोरांच्या वाकळा काटकोनात घड्या करायचे. मी सोसायटीचं कर्ज फेडत आणलेलं, विहीर दोन परस खोल नेलेली, कांदा लावायचं ठरवून बसलेली. हे म्हणाले ज्वारी. बैलांवर हिंदीत ओरडायचे. बैल जागचे हलायचे नाहीत, मग माझ्याकडं बघायचे. बैल आणि हे, दोघंही.

आणि पैसे. अकरा वर्षं दर महिन्याला माझ्या नावानं मनिऑर्डर आलेली, माझी सही, माझा हिशेब. आता चहापत्तीला हात पसरायचा? दुसऱ्या महिन्यात मी म्हटलं, 'अहो, मला मागायची सवय नाही. मनिऑर्डर करा.' थट्टेनं म्हटलं होतं. ते उठले, टोपी घातली आणि गेले.

चार दिवसांनी पोस्टमन दारात. ह्याच गावच्या पोस्टातून, ह्याच घरच्या पत्त्यावर, वर कमिशन भरून. पोस्टमन हसायचं थांबेना, हे ओसरीवर पेपर तोंडासमोर धरून बसलेले. मी सही केली. फॉर्मच्या खाली तेव्हा संदेशाला चौकट असायची, तिच्यात दोनच शब्द होते: 'म्हैस घेणे.'

घेतली. मुऱ्हा.