ड्रम सँडरचा भुसा, भाग ३ : हवा येणार कुठून?

मागच्या भागात मी ठासून लिहिलं होतं की सँडरचा भुसा ओढून घेणारा ब्लोअर कमी पडतोय, दोन एचपीचा तीन करावा लागणार. ते मागे घेतो. ब्लोअर बिचारा ठीकच होता, गोची ड्रमवर मी बनवलेल्या झाकणात होती.

सँडर तोच, घरी जुळवलेला: पॉलिश पेपर गुंडाळलेला ड्रम फिरतो आणि खालून सरकणारी फळी घासतो. १६ इंच रुंद, शाफ्टवर एमडीएफच्या चकत्या ओवून केलेला ५ इंची ड्रम, १४४० आरपीएमची मोटर, दोन्ही पुल्या सारख्या. हिशेब केला तर ड्रमचा पृष्ठभाग सेकंदाला साडेनऊ मीटर पळतो, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. भुसा साधारण त्याच वेगाने उडतो. शिवाय ड्रम फळीच्या उलट फिरतो, त्यामुळे उडतो तो थेट फळी लावणाऱ्याच्या पोटावर.

आधी झाकणावरचं ६३ मिमीचं तोंड काढून ११० चं केलं. क्षेत्रफळ जवळपास तिप्पट. पाइप इथल्या सियागंज बाजारातून आणला, संडासाच्या लाइनीला घालतात तोच. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावले. फरक पडला, पण मनासारखा नाही. मग दाराला लावायची फोमपट्टी घेऊन झाकणाच्या झाडून सगळ्या फटी बुजवल्या. ब्लोअरचा आवाज चढला, मला वाटलं जमलं! फळी घातली तर भुसा पहिल्यापेक्षा जास्त बाहेर.

दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी आईच्या देवघरातून उदबत्ती उचलली. (भुसा जमतो ते पिंप आधी रिकामं करून घ्या, पाइपही झटका. ठिणगी भुशात गेली तर भलतंच व्हायचं.) फोमपट्टी काढली, ड्रम बंद, ब्लोअर चालू, आणि उदबत्ती झाकणाच्या कडेने फिरवली. दोन्ही टोकांना, बेअरिंगपाशी, धूर सपकन आत. आणि मधे, जिथून फळी आत जाते आणि भुसा बाहेर येतो, तिथे धूर आरामात सरळ वर. हवा जवळची वाट धरत होती. टोकं बुजवली तर तिला वाटच उरत नव्हती, मग पाइपातून वाहणार काय?

आता टोकं बंदच आहेत, पण फळीच्या तोंडाशी पूर्ण रुंदीभर २० मिमीची फट मुद्दाम ठेवली. ४०६ गुणिले २० म्हणजे साधारण ८१०० चौरस मिमी, पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाच्या आसपास. आतून पत्रा वळवून ड्रमला समांतर बसवला, फळी आत शिरते त्या बाजूला १२ मिमी लांब, बाहेर पडते तिथे ६ वर आणला, म्हणजे भुसा ड्रमबरोबर पूर्ण फेरी मारत नाही. पाइपचं तोंडही मधून सरकवून पुढच्या बाजूला घेतलं. पत्रा वाकवताना अंगठा कापला, ते जाऊ द्या.

मोजमाप स्वयंपाकघरातल्या काट्यावर. आधी सागवानाच्या चार फळ्यांचं वजन २१० ग्रॅम घटलं आणि पिंपात, फिल्टर झटकून, १४८ सापडले. बदलानंतर घट २०५, सापडले १९१. पॉलिश पेपरही आता उशिरा भरतो. सागाच्या तेलकट भुशाने तो आधी दोन फळ्यांत काळा पडायचा.

उरलेले १४ ग्रॅम मात्र त्रास देणारे आहेत. रात्री दिवा घालवून टॉर्च आडवा धरला की हवेत तरंगताना दिसतात. लाकडाच्या धुळीला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्यांत, टाकलंय, त्यामुळे मास्क काढलेला नाही. पुढचं काम फिल्टरच्या कापडाचं.

भुशाचं पोतं सकाळी कचरागाडीवर नेलं. गाडीवाला आत डोकावून म्हणाला, "भिया, ये गीला है कि सूखा?" इंदूरमध्ये यातून सुटका नाही. सुक्यात टाकलं.