धातुदूषित जमिनीत कंपोस्ट वापरताना आलेला माझा अनुभव

माझ्याकडील जमिनीच्या एका तुकड्यात पूर्वी अनेक वर्षे कारखान्याचे सांडपाणी मुरत होते. तिथे बियाणे उगवत असे, परंतु रोपे खुजी राहत आणि कोवळी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडत. दिसायला ही लोहाची कमतरता होती; मात्र जमिनीत जस्त फार झाले की झाडाला पुरेसे लोह घेता येत नाही आणि तेच लक्षण उमटते. माती परीक्षणात जस्ताबरोबर कॅडमियम आणि शिसेही आढळले, आणि सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा) ५.५ च्या आसपास निघाला, म्हणजे माती आम्लधर्मी होती. हे तिन्ही धातू अशा मातीत अधिक विरघळतात.

प्रयोगशाळेकडून मी दोन आकडे मागवले होते : मातीतील धातूचे एकूण प्रमाण आणि पिकाला उपलब्ध होणारे प्रमाण. कंपोस्टमुळे पहिला आकडा फारसा हलत नाही, कारण धातू कुजत नाहीत आणि कुठे जातही नाहीत. बदलतो तो दुसरा. कंपोस्टमधील ह्युमिक पदार्थ, म्हणजे पूर्ण कुजल्यावर उरणारे गडद सेंद्रिय पदार्थ, धातूंचे आयन धरून ठेवतात, त्यातील फॉस्फेट शिशाशी संयोग पावून जवळजवळ न विरघळणारी संयुगे तयार करते आणि सामूही थोडा वर सरकतो. आर्सेनिक नाही ना, याची खात्री मी आधीच करून घेतली होती. कारण तिथे हेच फॉस्फेट उलटे काम करते आणि मातीच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे करते.

कंपोस्ट निवडताना मी सर्वाधिक चिकित्सा केली, आणि ती आवश्यकच होती असे मला वाटते. मिश्र शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात धातू स्वतःच असू शकतात, म्हणून खताचाही नमुना तपासून घेतला. अर्धवट कुजलेल्या खतातून विरघळणारे सेंद्रिय पदार्थ बाहेर पडतात आणि ते तांब्यासारख्या धातूला मातीच्या पाण्यात वाहून नेऊ शकतात. त्यामुळे ढीग पूर्ण थंड होऊन मातकट वास येईपर्यंत खत वापरले नाही. मग ते वरच्या थरात नीट मिसळले, सोबत थोडा चुना दिला आणि पेरणीपूर्वी माती काही आठवडे ओलसर ठेवली.

पुढच्या हंगामात मका हिरवागार उभा राहिला. परंतु पीक जोमदार आले म्हणजे ते खाण्यास सुरक्षित झाले, असे मुळीच नव्हे, कारण झाडाला कसलीही इजा न होता पानांत कॅडमियम साठू शकते. त्यामुळे एका वाफ्यात मुद्दाम पालक लावून त्याची पाने तपासायला दिली. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेच्या मानकानुसार पालेभाज्यांत किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालते. माझ्या पालकातील प्रमाण पूर्वीपेक्षा उतरले होते, तरी या मर्यादेच्या वरच होते. शिशाची गोष्ट वेगळी आहे : ते मुळांतून वर फारसे चढत नाही, पण धुळीने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पानांवर बसते, म्हणून वाफ्यांवर आच्छादन घातले.

सध्या या तुकड्यात पालेभाज्या आणि कंदमुळे मी घेत नाही. टोमॅटोसारखी फळभाजीसुद्धा तपासूनच काढतो. सेंद्रिय पदार्थ हळूहळू कुजून कमी होत असल्याने कंपोस्ट दरवर्षी द्यावे लागते, आणि प्रत्येक पेरणीआधी सामू ६.५ च्या खाली गेलेला नाही, हे पाहावे लागते.