चोथा, बी आणि बोर्डो

डिसेंबरातली एक अख्खी सकाळ मी इटलीच्या सार्डिनिया बेटावर, सासारी शहराजवळच्या मेंढवाड्यात लेंड्या फोडत बसले होते. मधूनच एखादीतून द्राक्षाची बी निघायची, जशीच्या तशी. मालकाने ऑक्टोबरात शेजारच्या वायनरीतून कान्नोनाऊ या इथल्या काळ्या द्राक्षांचा चोथा आणून मुरघासासारखा दाबून ठेवला होता. दुभत्या मेंढ्या तो आवडीने खात होत्या, पण खरा ऐवज बीत असतो आणि तोच उकिरड्यावर चालला होता.

बीच्या तेलात लिनोलेइक आम्ल हे असंतृप्त मेदाम्ल भरपूर. बी भरडली की तेल मोकळं होतं, मेंढीच्या पोटातले जंतू त्याचं रूप पालटतात आणि काही भाग दुधाच्या फॅटमध्ये उतरतो. इथल्याच सार्दा जातीच्या २४ मेंढ्यांवरचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झालाय. रोज ३०० ग्रॅम बी खाल्लेल्या मेंढ्यांच्या दुधात असंतृप्त मेदाम्लं वाढली होती. मग आम्हीही चोथा वाळवून भरडायला लागलो. मात्र चोथ्याला धान्याची जागा देऊ नये. त्यात लाकडासारखा चिवट भाग फार, आणि सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जास्त झालं की प्रथिनं धड पचत नाहीत.

रात्री घरी, निफाडला, फोनवर हे सगळं उत्साहाने सांगत होते, तर अण्णा म्हणाले, "अगं, पण त्या द्राक्षांवर बोर्डो मारलेला असेल ना?"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, आणि मोरचूद म्हणजे तांबं. मेंढीला तांबं पटकन बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठत राहतं, महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि मग एके दिवशी डोळे पिवळे, लघवी लाल, दोन-चार दिवसांत मेंढी जाते. म्हणूनच युरोपात मेंढीच्या पूर्ण खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅमच तांबं चालतं. दुसऱ्याच दिवशी चोथ्याचा नमुना तपासायला पाठवला आणि अहवाल येईपर्यंत चोथा बंद ठेवला. मालक नाराज झाला, तरी मी हटले नाही.

परवा अण्णांचा फोन आला. फेब्रुवारीत आमच्या द्राक्षांची वाईन झाली की उरलेला चोथा, रानात मेंढ्या बसवणाऱ्या धनगरदादांना हवाय. चाऱ्याची टंचाई तेव्हाच सुरू होते.

"अण्णा, बोर्डोचा शेवटचा हात कधी मारला होता?"

त्यांनी फवारणीची वही काढली आणि एकेक तारीख वाचायला लागले.