बार्शी लाईट: आधी मालक बदलले, मग रूळ

आज कुर्डुवाडीला गाडी रेंगाळली आणि बार्शी लाईट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा विषय निघाला. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी, १९११ पर्यंत लातूर, १९२७ ला मिरज. मालक लंडनची कंपनी. ही लाईन उभारणारे इंजिनिअर कॅलथ्रॉपसाहेब, त्यांची खरी हुशारी एकच: इंजिन असो की वाघीण (मालडबा), चाकांच्या एका आसावर ५ टनांहून जास्त भार नाही. म्हणून दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला आणि खर्च आटोक्यात राहिला.

दुखणं होतं कुर्डुवाडीतच. इथे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, मुख्य लाईनचं (ब्रॉडगेज) १६७६! म्हणून कापसाच्या गाठी उतरवा, पुन्हा चढवा. वेळ जातो, हमाली वाढते, माल फाटतो तो वेगळाच. १९५४ ला सरकारने लाईन विकत घेतली, पण हे दुखणं तसंच राहिलं. लातूरपर्यंत ब्रॉडगेज व्हायला एकविसावं शतक उजाडलं.