मिशी सुटता सुटेना

बेळगावात शिवजयंती 19 फेब्रुवारीला आटोपत नाही. त्या दिवशी सरकारी हार पडतात. आमची शिवजयंती वैशाखात, आणि त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक, रात्रभर. उजाडलं तरी शेवटच्या ट्रॉल्या रस्त्यातच असतात.

यंदा माझ्या भावाची दोन्ही पोरं जिवंत देखाव्यात होती. देखावा पावनखिंडीचा. थोरला सात वर्षांचा मावळा. धाकटी चार वर्षांची, तीही मावळाच, कारण आरतीचं ताट घेऊन उभी राहा म्हटल्यावर तिनं फरशीवर लोळण घेतली होती. भाऊ ट्रॉलीवर गोणपाटाची खिंड बांधण्यात, वहिनी झांजपथकात. पोरांना जेवू घालायचं, निजवायचं आणि सहाच्या आत नटवून आणायचं, हे माझ्याकडं. "तू रिकामीच हाईस की," असं भाऊ म्हणाला. त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

निजणं तर राहिलंच. भाड्यानं आणलेल्या कपड्यांच्या पिशवीत मिशा होत्या आणि स्पिरिट गमची तपकिरी बाटली. नाटकात काम केलेल्यांना ठाऊक असेल, ही स्पिरिटात विरघळवलेली राळ. पातळ लावायची, जराशी चिकट होऊ द्यायची, मग मिशी दाबायची. झाकण उघडताच धाकटीनं भोकाड पसरलं. "चावतंय!" अजून कुणी तिला हातही लावला नव्हता.

"मग आधी आत्याला लावूया," थोरला म्हणाला.

रडणाऱ्या पोरीसमोर आत्याला नाही म्हणायची सोय नसते. मी डोळे मिटून बसले. या पोराला चित्रकलेत बक्षीस मिळालंय, त्यामुळं त्यानं हात आखडता घेतला नाही. नाकाखाली एक थर, त्यावर दुसरा, गालापर्यंत. मग पिशवीतली सगळ्यात मोठी मिशी काढून दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. धाकटी रडायची थांबली. "आत्या बाप्या झाली!" म्हणाली आणि स्वतःचा ओठ पुढं केला. तिची मिशी दोन मिनिटांत लागली.

माझी निघेना. टोक धरून ओढलं तर ओठच वर यायचा. साबण लावला, गरम पाणी लावलं, परत साबण. राळेला पाण्याचं काय सोयरसुतक! मिशी मात्र स्वच्छ धुऊन निघाली आणि वाळल्यावर आणखीच झुपकेदार झाली. वहिनीला फोन केला. झांजांच्या आवाजात तिला एवढंच कळलं की मिशा लावून झाल्या. "बरं केलीस!" म्हणून तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या अज्जी डबा परत द्यायला आल्या. मला बघून त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोरल्याला हळूच विचारलं, "यार बंदारो?" पोरगं शहाणं. कोण पाहुणे आलेत ते काही सांगेना, नुसतं हसत बसलं. मीच तोंड उघडलं तेव्हा अज्जी दारातच बसल्या. हसून झाल्यावर त्यांनीच उपाय सांगितला, "एण्णी हच्चव्वा." खोबरेल चोपडलं. खरं तेल मुरायला वेळ लागतो, आणि भावाचे फोन सुरू झालेले.

वैशाखातल्या उन्हात तोंडाला स्कार्फ बांधलेल्या बाईकडं कोण बघत नाही, त्यामुळं नरगुंदकर भावे चौकापर्यंत सुखरूप गेले. ट्रॉलीपाशी धाकटीला दोन्ही हातांनी वर उचललं आणि स्कार्फ सुटला.

मंडळाचा एक कार्यकर्ता, मला न ओळखणारा, लगबगीनं आला. "एक मावळा कमीच पडालाय बघ, चढ की वर!" डोक्यावर फेटा, हातात भाला. भाऊ पाठ फिरवून उभा होता, खरं त्याचे खांदे हलत होते. मीही हिशेब केला. खाली वहिनीचं सगळं माहेर जमलेलं. वर निदान मिशीला कारण तरी होतं. चढले.

जिवंत देखाव्यात हलायचं नसतं. रेकॉर्डवर संवाद चालू, आपण भाला रोखून पुतळा. जनरेटरची धग, अंगाला घाम, आणि आता कुठं खोबरेल कामाला लागलेलं. रामलिंगखिंड गल्लीत आलो तेव्हा डावं टोक सुटून लोंबायला लागलं होतं. समोरच कट्ट्यावर माझा नवरा, शेजारी सासूबाई. तो मोबाईल धरून शूटिंग करत होता.

"तो कडेचा मावळा लई ओळखीचा वाटालाय गे आई."

"मामा, आत्या हाय ती!" धाकटी खिंडीच्या टोकावरून ओरडली.

विशाळगडावरच्या तोफा वाजायला अजून अवकाश होता. त्याआधीच पायथ्याशी घायाळ पडलेले बाजीप्रभू पोट धरून हसायला लागले, आणि रेकॉर्डवाल्यानं देखावा पहिल्यापासून लावला.