आमच्या जीपला व्हीए नंबर नको

दादाने परवा आरसीबुकाचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "व्हीए विसर. इंजिन बदललेलं आहे, नियमात बसत नाही." व्हीए म्हणजे मूळ रूपात जपलेल्या जुन्या गाड्यांना मिळणारा खास नंबर. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. इकडे इंग्लंडात, सॉलिहलमध्ये हे कुणाला सांगणार? सांगितलं तरी 'मग जुनं इंजिन परत बसवा' एवढंच ऐकायला मिळेल. म्हणून आपल्या नाशिककरांनाच सांगते.

गाडी नानांची. महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची, पहिली नोंदणी १९६९ची. नानांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि निफाडच्या मळ्यात तिने काय केलं नाही ते विचारा. फवारणीची टाकी ओढली, द्राक्षांचे क्रेट पिंपळगावला पोचवले, वऱ्हाडं वाहिली, आणि ऐन पावसात रस्ता खचलेला असताना काकूला बाळंतपणासाठी नाशिकला आणलं. नंतर बरीच वर्षं ती शेडमध्ये कडब्याशेजारी उभी होती. नाना गेल्यावर भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला. भाऊकाका म्हणाले, "नानांची गाडी किलोवर जाणार नाही." तिथून हे काम सुरू झालं.

आता तो नियम. जुलै २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली खासगी गाडी असेल, तर तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नियम आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्याआधी सरकारदरबारी जुनी गाडी म्हणजे धूर सोडणारं लोखंड, एवढीच तिची ओळख होती. पण पुढचं वाचा. ही गाडी रोज वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे निफाडच्या जीपने निफाडच्या मळ्यात जायचं नाही!

आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक आजोबा राहतात. लँड रोव्हरच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. सॉलिहलमध्ये अशी माणसं दर दोन गल्ल्यांआड भेटतात, जशी आपल्याकडे सातपूरला महिंद्राची भेटतात. त्यांच्याकडे १९७९ची सीरिज थ्री लँड रोव्हर आहे. गाडीने चाळिशी ओलांडल्यापासून तिला रोड टॅक्स शून्य. एमओटी, म्हणजे दरवर्षीचं पासिंग, तेही मे २०१८पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना सक्तीचं राहिलेलं नाही. बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये माझ्या शेजारणीच्या जुन्या डिझेल गाडीला पैसे पडतात, आजोबांच्या लँड रोव्हरला पडत नाहीत. आणि आजोबा ती घेऊन कुठे जातात, तर सुपरमार्केटला. मागच्या फळीवर बटाट्यांची पोती आणि कुत्रा. धंद्यासाठी वापरायची नाही, एवढं पाळलं की बाकी गाडी तुमची.

इकडेही मोठा बदल केलेल्या गाडीला ही पासिंगची सवलत नाही. पण अट कशी आहे पाहा: गेल्या ३० वर्षांत मोठा बदल झालेला नसावा. गेल्या ३० वर्षांत. त्याआधी कुणी काही केलं असेल, तर तो आता त्या गाडीचाच इतिहास झाला, असं हा नियम मानतो. बदलालाही वय असतं हे ज्या माणसाने कायद्यात बसवलं, त्याला मी हात जोडते. आमच्या जीपमध्ये डिझेल बसलं १९८७ साली. विलायतेच्या हिशेबाने तो बदल केव्हाच जिरून गेलाय. आपल्या हिशेबाने तो अजून कालचाच आहे, आणि आणखी ५० वर्षांनीही कालचाच राहणार.

ते डिझेल का बसवलं, हेही सांगितलं पाहिजे, कारण 'गाडीची वाट लावली' असं म्हणणारे जाणकार आपल्यातही आहेत. मूळ इंजिन हरिकेन, चार सिलिंडरचं, सुमारे २,२०० सीसीचं पेट्रोल. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे ते उंच. ते मावावं म्हणून मूळ जीप बनवणाऱ्या विलिज या अमेरिकन कंपनीने १९५३मध्ये जीपचं बॉनेटच उंच केलं. सुंदर इंजिन होतं, पण मळ्यात दिवसभर चालू ठेवायचं म्हटलं की पेट्रोलचा खर्च बागेच्या हिशेबात बसेना. नानांनी निफाडच्या मिस्त्रींकडून त्याच उंच बॉनेटखाली ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल बसवून घेतलं. त्या काळात कंपनीच्याही डिझेल जीपा रस्त्यावर होत्याच. नानांनी आरसीबुकात रीतसर नोंद करून घेतली, कर भरला, काही लपवलं नाही. ज्याने लपवलं असतं त्याची गाडी आज कागदावर 'मूळ' ठरली असती, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

जुनं हरिकेन इंजिन शेडमध्येच आहे, गोणपाटात गुंडाळलेलं. दादाचं म्हणणं होतं की तेच पुन्हा बसवू, व्हीएसाठी अर्ज करून बघू. त्यावर घरात चांगलीच जुंपली. मी व्हिडिओ कॉलवर होते. भाऊकाका म्हणाले, "आणि मग? वर्षातून एकदा गोल्फ क्लब मैदानावर नेऊन उभी करायची? लोकं फोटो काढणार, आपण फडकं मारत बसणार? ही बागेत चालणारी गाडी आहे." दादा म्हणाला, किंमत तिप्पट होईल. काका म्हणाले, "विकायचीये कुणाला?" मी काकांच्या बाजूने उभी राहिले आणि अजूनही तिथेच आहे. साधी फेरनोंदणी करायची, पासिंग करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, आणि गाडी चालवायची. पैसे जास्त गेले तरी चालतील.

काम मात्र बघण्यासारखं चाललंय, आणि त्याचं श्रेय ज्यांचं आहे त्यांना दिलं पाहिजे. बाबांचे एक मित्र सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. ते हातोडी घेऊन आले, चेसीवर इंच इंच ठोकत गेले, आणि आवाज बद्द आला तिथे खडूने खूण केली. चेसीचे दोन आडवे दांडे (क्रॉस मेंबर) आणि मागचे पाटे जिथे चेसीला अडकतात त्या शॅकलपाशी थोडा भाग, एवढंच कुजलेलं निघालं. डिझेलच्या वजनाने पुढचे पाटे बसले होते. त्यात एक पान वाढवून घेतलं. माझा वर्गमित्र अंबडला फॅब्रिकेशन करतो. त्याने रविवारी शॉप उघडून चेसीचं वेल्डिंग केलं, शेजारच्या युनिटमधून सँडब्लास्टिंग करून आणलं, त्याच संध्याकाळी रेडऑक्साइड मारला, आणि पैसे विचारले तर म्हणाला, "द्राक्षाच्या दोन पेट्या पाठव." पुढच्या नकलमधले, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातले, नमद्याचे सील पार कुजून ग्रीस चाकावर येत होतं, ती सील मी इथून पाठवली, बसवली काकांनी.

पण या सगळ्याचा कणा वहिनी आहे. गाडी खोलायला घेतली तेव्हा तिने घरातले, शेजारचे, भिशीतल्या बायकांकडचे श्रीखंडाचे रिकामे डबे गोळा केले. प्रत्येक डब्यात एका जागचे नट-बोल्ट, वर मार्करने लिहिलेलं: 'डाव्या दरवाजाचं वरचं बिजागर नाही, विंडशील्डचं', असं अगदी स्पष्ट. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर फोटो, वहीत तारीख आणि कुणी काढला त्याचं नाव. मी इथे एका कंपनीत क्वालिटीचं काम करते, ऑडिट हा माझा रोजचा धंदा आहे. वहिनीच्या वहीत मला अजून एक चूक सापडलेली नाही. ऑक्टोबर छाटणीत काम थांबलं, सगळे बागेत गेले, आणि छाटणी उरकल्यावर जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू झालं, ते त्या वहीमुळे.

इथल्या सोयीचं कौतुक केलंच पाहिजे. आजोबांना सीरिज थ्रीचं काहीही हवं असलं तर कॅटलॉगमधून पार्ट नंबर काढतात, फोन करतात, दोन दिवसांत डबा दारात. अख्खी नवी चेसी मिळते, जस्ताचा मुलामा दिलेली, आणि मूळ नमुन्याची असेल तर गाडीचा ऐतिहासिक दर्जाही जात नाही. आमच्या जीपचा एक पिन मिळेना, तेव्हा दादा कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरला, हरियाणातल्या डबवालीच्या जीपवाल्यांना फोन केले, आणि शेवटी अंबडच्याच एका टर्नरने जुना झिजलेला पिन हातात घेऊन लेथवर नवा काढून दिला. दुपारी दिला, संध्याकाळी बसला. सॉलिहलमध्ये असा टर्नर मला कुणी शोधून दाखवावा! असेलही, पण त्याचा तासाचा दर ऐकून आजोबा नवी चेसीच मागवतील.

आणि आजोबांना मी एकदा ऐकवलंच. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या वेल्समधल्या अँगलसीच्या शेतावर युद्धातली विलिज जीप होती, तिच्यावरून त्यांना लँड रोव्हर सुचली, आणि पहिला प्रोटोटाइप जीपच्याच चेसीवर उभा राहिला. १९४८च्या अ‍ॅमस्टरडॅम मोटार शोमध्ये जी गाडी जगाने पाहिली, तिची आई आमच्या निफाडच्या शेडमध्ये आहे. ते हसले आणि म्हणाले, "मग आईला नीट सांभाळा." चांगला माणूस आहे. नकलची सील कुठून मागवायची, हे त्यांनीच शोधून दिलं.

एक मात्र मनाला लागलं. एका नातेवाइकांनी आईला विचारलं, की पोरगी तिकडे पाउंड कमावते आणि हौस इकडच्यांच्या घामावर भागवते का. याला उत्तर देते. पैसे मी पाठवते हे खरं, पण पैसे सगळ्यांनीच घातलेत. काकांनी तर बागेच्या ठिबकचे बाजूला ठेवलेले घातले. मी दूर आहे म्हणून माझा हात ग्रीसने काळा होत नाही, पण आमच्याकडची पहाट उजाडायच्या आत उठून मी दर रविवारी कॉलवर असते, कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा (टॉर्क) ते सांगते, मॅन्युअलची पानं वाचून दाखवते. सीजे-थ्री-बीच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, नाही, हे आता आमच्या घरातल्या आठवीतल्या मुलीला कळतं, आणि त्यासाठी दोनदा क्लच दाबून गिअर टाकायचा डबल क्लच कसा द्यायचा हे तिने बंद गाडीत बसून शिकून घेतलंय. जवळ राहणाऱ्या किती घरांत हे होतं? दूर राहणारीची म्हणून एक जबाबदारी असते आणि ती मी पार पाडतेय, असं मला वाटतं.

मी डिसेंबरात येतेय. वहिनीने यादी पाठवली आहे: ट्रान्सफर केसच्या ऑइल सीलचा अख्खा संच, चेसीच्या पोकळीत सोडायचं गंजरोधक मेण दोन डबे, आणि आठवीतल्या मुलीसाठी कामाचे हातमोजे, लहान मापाचे. पासिंग द्राक्ष तोडणीच्या आधी व्हायला हवं, नाहीतर पुन्हा दोन-तीन महिने कुणाला सवड नाही. जुनं पेट्रोल इंजिन विकायचं नाही, असंही ठरलंय. तेल घालून, नीट झाकून ते शेडमध्येच राहील. हूडच्या कापडावर अजून एकमत नाही. दादाला काळं रेक्झिन हवंय, काकांना खाकी कॅनव्हास. माझं मत खाकीला.