मनालीच्या अंगणात आबांची आखणी

कोल्हापूरहून निजामुद्दीन एक्सप्रेस, दिल्लीहून रात्रीची व्हॉल्वो आणि मग मनाली. प्रवासाबद्दल एवढं पुरे. मनालीजवळच्या सोलांग खोऱ्याबद्दल तर लिहूही वाटत नाही. भाड्याच्या कोटांसाठी रांग, मॅगीचे स्टॉल, सारखे हॉर्न आणि हजार बुटांखाली तुडवून काळा पडलेला बर्फ. माणशी चारशे रुपये मोजून कोट-बूट घेतले आणि आबा गाडीतनं उतरलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातनं सिस्सूला गेलो, तिथंही तीच तऱ्हा. वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर ही दोन्ही ठिकाणं खुशाल वगळा. मी वगळली नाहीत, याचं अजून वाईट वाटतं.

लिहायला बसलोय ते तिसऱ्या दिवसासाठी. त्या दिवशी आम्ही कुठंच गेलो नाही.

आमचं घर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत. आबांची सगळी हयात गणपती करण्यात गेली. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं. कच्च्या मूर्ती डोळ्यांदेखत विरघळल्या, तरी पाणी ओसरल्यावर आबा परत माती मळायला बसले. पण तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि डोळ्यांची आखणी त्यांनी धाकट्या काकांकडं दिली. त्यानंतर कारखान्यात ते फक्त खुर्ची टाकून बसतात.

रात्री भुरभुर बर्फ पडला होता. सकाळी होमस्टेच्या अंगणात पोरीला बर्फाचा माणूस करायचा होता. गोळाच होईना. मूठ उघडली की पिठीसाखरेसारखा सगळा बर्फ खाली. मी आतनं गरम पाण्याचा तांब्या आणून ओतला, तर पाणी पडलं तिथं भोक पडलं आणि कडेचं गोठून काचेसारखं टणक झालं.

आबा ओसरीवरनं बघत होते. "माती कोरडी हाय म्हणून घागर ओततोस व्हय? थांब की जरा. अजून धर न्हाई त्याला."

घरमालकीणबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत थांबा. यंदा बर्फ उशिरा आला, पण आला, सफरचंदाच्या झाडांना थंडी मिळाली, म्हणून त्या खुशीत होत्या. आम्हाला गरम सिड्डू, म्हणजे तिकडचे वाफवलेले गव्हाचे पाव, आणि वर वाटीभर तूप दिलं. माणुसकी कशाला म्हणतात ते त्या स्वयंपाकघरात बघावं.

बाराच्या सुमाराला छपरावरनं पागोळ्या गळायला लागल्या. तो आवाज ऐकून आबा उठले. अंगणात उतरून त्यांनी मूठभर बर्फ घेतला, दाबला आणि तळवा उघडला. गोळ्यावर पाचही बोटांचे ठसे उमटले होते. शाडू मळून झाली की ते हेच करतात. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण सुके असतात, ऊन लागून किंचित पाणी सुटलं की एकमेकांना धरतात. मातीचंही तसंच.

मग माझ्या हातात काही राहिलंच नाही. पोरगी गोळा लोळवत गेली, गोळा फुगत गेला आणि मागं पिवळ्या गवताची वाट उघडी पडली. खालचा गोळा आबांनी वरनं सपाट केला, दुसरा त्यावर बसवला आणि सांध्यात ओला बर्फ अंगठ्यानं लिंपत फिरले. मी हातमोजे पुढं केले.

"मोजं घालून माती कळत्या व्हय?"

डोक्याचा गोळा बसला. पोरीनं अक्रोडाच्या करवंट्या आणल्या डोळ्यांना. आबांनी त्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि परत दिल्या. मला म्हणाले, "शेगडीतला कोळसा आण. बारीक टोकाचा."

डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं. पाय फाकवून उभे राहिले, श्वास रोखला आणि डाव्या डोळ्याची वरची पापणी एका रेघेत ओढली. रेघ मधे एकदा हलली. ते थांबले, हललेला भाग नखानं काढून टाकला, तिथं चिमूटभर बर्फ दाबला आणि परत ओढली. मग खालची पापणी. मग बुबुळ. पोरगी एक शब्द बोलली नाही. मला समोर नीट दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी लवकर बस नव्हती म्हणून दुपारची घेतली, आणि तेवढ्या उन्हानं डोळे आत गेले. काळा कोळसा ऊन खातो, त्याच्याभोवतीचा बर्फ आधी वितळतो. स्टँडवर न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न वाजवत होता. सगळ्या बॅगा गाडीत, मी आबांना हाक मारतोय, आणि आबा खोबणीत ओला बर्फ भरत उभे.

"आबा, चला. संध्याकाळपर्यंत परत वितळंल ते."

"वितळू दे की. कोळसा दे हिकडं," ते म्हणाले, आणि डावा हात मनगटावर ठेवला.